तुळसाबाईचा प्रोजेक्टर

कामरगावात घरी बसून मोबाइलवर विहिरीची मोटर चालू करणारा पहिला माणूस म्हणजे रामकिसन. हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायला बाकीचे लोक कानाला मफलर बांधून वावरात जायचे, तेव्हा हा ओट्यावर चहा पीत एक रिंग द्यायचा आणि तिकडे वावरात मोटर सुरू व्हायची. आधी लोकांनी टिंगल केली. मग एकेक जण विचारायला येऊ लागला. स्टार्टर कुठला घ्यायचा, सिमकार्ड कुठलं टाकायचं, एक फेज गेली तर काय करायचं. रामकिसन दहावीच्या पुढे शिकला नव्हता, पण यंत्राशी त्याचं जमायचं. जे काम रोज रोज करावं लागतं ते माणसाने करूच नये, यंत्राकडून करून घ्यावं, असं त्याचं सरळ मत होतं.

मुलगा ऋषिकेश पुण्यात नोकरीला, मुलगी निकिता लग्न होऊन नागपूरला. घरात रामकिसन आणि त्याची बायको तुळसाबाई, दोघंच. ऋषिकेशने स्वतःसाठी नवा प्रोजेक्टर घेतला तेव्हा जुना तो दिवाळीला गावी घेऊन आला. वरच्या मजल्यावरच्या खोलीत एरवी सोयाबीनची पोती पडलेली असायची. ती खोली रिकामी केली, एक भिंत पांढरी रंगवली, खिडक्यांना जाड पडदे लावले, कोपऱ्यांत स्पीकर टांगले. पहिल्यांदा भिंतभर चित्र उमटलं तेव्हा तुळसाबाई पदर तोंडाला लावून हसली. "एवढाले मोठे तोंडं! नाकातले केसं दिसून राह्यले ना वो."

रामकिसनला वाटलं होतं, दिवाळी झाली की प्रोजेक्टरवर धूळ बसेल. पण तो तुळसाबाईचाच होऊन गेला. दुपारची कामं उरकली की ती वर जायची. शेजारची गोजराबाई यायची, कधी गल्लीतल्या आणखी दोघीतिघी. कीर्तनं लागायची, जुने सिनेमे लागायचे, आणि सगळ्यांत जास्त वेळा लागायचा निकिताच्या लग्नाचा व्हिडिओ. संध्याकाळी वावरातून आल्यावर रामकिसनही वर डोकवायचा. सिनेमा संपत आलेला असला तर तिच्या बाजूला सतरंजीवर बसायचा.

"हा कोण होय?"

"हा तिचा दीर. वाटते बदमाश, पण चांगला हाये."

सिनेमा संपला की रामकिसन रिमोटचं बटन दाबायचा आणि दोघं खाली यायची. तिला तो रिमोट लवकरच चालवता आला, पण प्रोजेक्टर बंद करायला मात्र ती विसरू लागली.

पहिल्यांदा तो घरी आला तर ती खाली कणीक मळत होती आणि वर कोणी नसलेल्या खोलीत भिंतीवर निळा उजेड पडलेला. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता, खोली तापलेली होती.

"बंद नाही केला काय?"

"अवो, केला ना म्या."

"मंग काय भुतानं चालू केला?"

त्या दिवशी दोघं हसली. पण ते पुन्हा झालं, आणि पुन्हा. बल्बला ठरावीक आयुष्य असतं, असं ऋषिकेशने बजावून सांगितलेलं होतं. एक दिवस बल्ब गेलाच. नवा अमरावतीहून मागवावा लागला. तो बसवल्याला आठवडाही झाला नव्हता तोवर रामकिसन घरी आला तर वर पुन्हा तोच निळा उजेड. तुळसाबाई ओट्यावर गोजराबाईसोबत तूर निवडत बसलेली. त्याने वरूनच ओरडून सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुह्यं डोकं ठिकाणावर हाये का नाई? एक बटन दाबाचं लक्षात राह्यत नाई तुले?"

गोजराबाईने मान खाली घालून तुरीतले खडे वेचणं चालू ठेवलं.  त्यानंतर काही दिवस तुळसाबाई वर गेलीच नाही.

पुन्हा जाऊ लागली तेव्हा तिने आपला एक उपाय काढला होता. वर गेल्यावर ती एक चप्पल प्रोजेक्टरच्या टेबलाखाली ठेवायची आणि दुसरी दाराबाहेर. खाली जाताना एकच चप्पल पायात आली की आठवावं, दुसरी कुठं आहे, म्हणजे काय राहिलं आहे. काही दिवस ते चाललंही. एकदा रामकिसनने तिला एका पायात चप्पल घालून अंगणात तुळशीला पाणी घालताना पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. पानटपरीवर त्याने ती गंमत सगळ्यांना सांगितली.

त्याच सुमारास एका दुपारी, तो जेवायला बसलेला असताना ती समोर येऊन बसली.

"आयकता काय? मले आजकाल लय विसरू पडते."

"माहीत हाये," तो भाकर मोडत म्हणाला. "बल्ब मीच आणला ना."

"प्रोजेक्टरचंच नाई. गॅसवर दूध ठेवलं तेही विसरतो. कधी कधी तर अशी खोलीत जातो आन् उभीच राह्यतो. काहून आलो तेच समजत नाई."

"वय झालं आता. मले नाई विसरू पडत काय? परवा चष्मा डोक्यावर आन् मी घरभर शोधून राह्यलो."

"तसं नाई ना."

"मंग कसं?"

तिला सांगता आलं नाही.  रामकिसनला तिची दया आली, आणि दया आली की त्याचे हात काहीतरी दुरुस्त करायला शिवशिवायचे. "तू कायले काळजी करतं? थांब, मी बंदोबस्त करतो," असं म्हणून तो हात धुवायला उठला.

कारंज्याहून लखन नावाचा वायरमन आला. रामकिसनचा बेत साधा होता. प्लगलाच टाइमर लावायचा, ठरलेल्या वेळेला लाइन तुटली की प्रोजेक्टर बंद. लखनने मान हलवली. "काका, डायरेक्ट लाइन नका तोडू. बंद केल्यावरही त्याचा पंखा थोडा वेळ चालते, बल्ब थंडा करते. तवाच लाइन गेली तर बल्ब उडते." मग ऋषिकेशला फोन लागला, तिघांनी मिळून डोकं चालवलं. छताला हालचाल ओळखणारा सेन्सर लागला. खोलीत बराच वेळ काही हाललं नाही की एक छोटी डबी रिमोटसारखाच इशारा द्यायची, प्रोजेक्टर बंद व्हायचा, त्याचा पंखा थांबला की मग प्लग लाइन तोडायचा. आणि रामकिसनच्या मोबाइलवर संदेश यायचा की प्रोजेक्टर बंद झाला.

पहिल्या दिवशी तो संदेश आला तेव्हा रामकिसन कृषी केंद्रात बसलेला होता. त्याने तो दुकानदाराला दाखवला, खत घ्यायला आलेल्या माणसालाही दाखवला. "घरी कोणाले काही कराचं कामच नाई," तो म्हणाला.

बायकांना सेन्सरची गंमत वाटायची. कीर्तनात रंगून सगळ्या स्तब्ध बसल्या की मधेच भिंत काळी व्हायची. मग गोजराबाई ओरडायची, "हात हलवा वो, तुळसाच्या घरच्याले वाटते आपण मेलो!" सगळ्या हात हलवायच्या आणि तुळसाबाई पुन्हा रिमोट शोधायची.

घरातली भांडणं थांबली. रामकिसनला हुरूप आला. टाकी भरून पाणी अंगणात वाहिलं, तर टाकीला सेन्सर लागला. दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि घरभर गॅसचा वास सुटला, तर ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारा वॉल्व्ह लागला. तिच्या बीपीच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या, तर भिंतीवर एक डबी लागली, ती वेळेवर बोलायची. काही बिघडलं की काही ना काही लागायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते बिघडलेलं दिसायचं बंद व्हायचं. पाहुणे आले की रामकिसन घरभर फिरवून सगळं दाखवायचा. तुळसाबाई त्यांच्या मागे मागे चालायची.

एकदा पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "घर तर शहाणं केलं तुमी. आता माह्यं काय काम राह्यलं?"

"आराम कर ना," तो म्हणाला. त्याला ते खरंच वाटत होतं. "जलमभर राबली. आता तुले काहीच याद ठेवाची गरज नाई."

 ती म्हणाली, "हो, तेही खरं हाये," आणि आत गेली.

एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. प्रोजेक्टर बंद करायला आता वर जावं लागत नव्हतं, म्हणून तो वर जाईनासा झाला. संध्याकाळी कृषी केंद्रातच बसायचा. खिशात मोबाइल वाजला की समजायचं, तुळसा खाली आली. सिनेमातला दीर चांगला की वाईट, हे त्याने बऱ्याच दिवसांत विचारलं नव्हतं.

गोजराबाईने एकदा त्याला फाटकाशी थांबवलं. "भाऊ, एक सांगू काय? तुळसा आजकाल रोज लग्नाचीच कॅसेट लावते. आमी आता येतच नाई, तेच तेच किती पाहावं. आन् काल मले म्हणे, अंजनाले फोन करा लागते, लय दिवसाची आली नाई."

अंजना म्हणजे तुळसाबाईची थोरली बहीण, आसेगावला दिलेली. निकिताच्या लग्नात ती हिरवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे पुढे करताना दिसायची. ती वारल्यालाही आता बराच काळ झाला होता, तुळसाबाई तिच्या तेरवीला आठ दिवस आसेगावात राहून आली होती.

"आठवण आली असन बहिणीची," रामकिसन म्हणाला.

"असन," गोजराबाई म्हणाली. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण त्याचा मोबाइल वाजला आणि तो बोलत बोलत आत गेला.

त्या हिवाळ्यात हरभऱ्याच्या घाट्यांत दाणा भरत असताना गावाला वीज देणारी डीपी जळाली. नवी यायला वेळ लागणार होता. वावरातल्या मोटरी बंद, पिठाची गिरणी बंद. घरातला इन्व्हर्टर एक रात्र कसाबसा चालला आणि त्यानेही मान टाकली. रामकिसनच्या घरातली सगळी शहाणी यंत्रं एका दमात गप्प झाली.

पहिल्याच सकाळी गॅस चालू राहिला, पेटवलेलाच नव्हता. वॉल्व्हवर विसंबलेल्या रामकिसनला ते वास आल्यावर कळलं. गोळ्यांची डबी बोलली नाही, तर तुळसाबाईने गोळ्या घेतल्याच नाहीत. तो रागावला, तर म्हणाली, "कोणत्या गोळ्या?" दुपारी शोधत गेला तर ती वरच्या खोलीत, ओढलेल्या पडद्यांच्या अंधारात, कोऱ्या भिंतीसमोर रिमोट हातात घेऊन बसलेली.

"लाइट नाई ना तुळसा. डीपी जळाली."

"हो काय?" ती म्हणाली. त्याने हे तिला सकाळपासून कितीदा तरी सांगितलं होतं. खाली येताना तिने जिन्यात विचारलं, "आज प्रोजेक्टर काहून नाई लागून राह्यला?"

रामकिसन जिन्यातच उभा राहिला. मग तिचा हात धरून तो तिला खाली घेऊन आला. पण दुसऱ्या दिवशी डीपीसाठी गावातल्या लोकांसोबत त्याला कारंज्याला जावं लागलं. जाताना तो तिला म्हणाला, "घरीच राह्यजो." ती हो म्हणाली.

तो कारंज्यात असतानाच फोन आला. आसेगावहून, अंजनाचा मुलगा जगदेव बोलत होता.

"काका, मावशी इकडं आली. तुमी सोबत नाई काय?"

"कोणती मावशी?"

"तुळसा मावशी ना. एकटीच आली. जीप बदलत बदलत आली म्हणते." जगदेवचा आवाज खाली आला. "काका, ते आईले भेटाले आलो म्हणते."

रामकिसन तिथूनच निघाला. आसेगावला पोचेपर्यंत दुपार कलली होती. तुळसाबाई जगदेवच्या अंगणात बाजेवर बसली होती. चांगलं लुगडं नेसलेली, हातात पिशवी, पिशवीत बहिणीसाठी घेतलेला अर्धा किलो चिवडा. घरातल्यांनी तिला चहा दिला होता. खरं काय ते सांगायची कोणाची हिंमत झाली नव्हती.

त्याला पाहून ती खुलली. "तुमी पण आले काय? अंजना वावरात गेली म्हणतात. येईनच आता."

जगदेव मान वळवून गोठ्याकडे पाहू लागला. रामकिसन तिच्या शेजारी बाजेवर बसला.  घरात एवढं सगळं त्याने बसवलं होतं, कशात काय बिघडलं की काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, आणि इथे तो हात गुडघ्यांत धरून नुसता बसला होता.

"आपण मंग येऊ," शेवटी तो म्हणाला. "तिले उशीर होईन."

"थांबा ना थोडंसं. एवढ्या दूर आलो." असं म्हणून ती वाटेकडे पाहत राहिली, आणि तोही तिच्यासोबत वाटेकडे पाहत राहिला.

निकिता दुसऱ्या दिवशीच नागपूरहून आली आणि दोघांना अकोल्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी तुळसाबाईला वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, काही शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. घड्याळातले सगळे आकडे तुळसाबाईने एकाच बाजूला काढले. मग डॉक्टरांनी रामकिसनकडे पाहिलं.

"हे विसरणं कधीपासून आहे?"

"आताच," तो म्हणाला. "लाइट गेली तवापासून. त्याच्या आधी घरात काही अडचण नव्हती."

"नाई," तुळसाबाई म्हणाली. आवाज शांत होता. "प्रोजेक्टर आला तवापासून हाये. म्या ह्यायले सांगतलं होतं."

निकिताने वडिलांकडे पाहिलं. रामकिसनने नजर खाली घातली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हा आजार बरा होत नाही. औषधाने काही जणांत त्याचा वेग थोडा कमी होतो, आणि ते जेवढं लवकर सुरू होईल तेवढं बरं. "आधी आलो असतो तर?" रामकिसनने विचारलं.  "नक्की सांगता येत नाही. कदाचित थोडा काळ जास्त मिळाला असता," त्या म्हणाल्या. "पण सहसा घरच्यांच्या लक्षात येतं. गॅस चालू राहतो, नळ चालू राहतो. तेव्हाच लोक घेऊन येतात."

परतीच्या वाटेवर गाडीत तुळसाबाई निकिताच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. रामकिसन मनातल्या मनात घरातून फिरत होता. टाकीचा सेन्सर, गॅसचा वॉल्व्ह, बोलणारी डबी, छतावरचा तो पांढरा डोळा. पाहुण्यांना त्याने हे सगळं किती हौसेनं दाखवलं होतं. ती विसरली की दिसायचं, आणि दिसलं की तो झाकून टाकायचा. एका पायात चप्पल घालून ती जी धडपड करत होती, ती त्याने पानटपरीवर सांगून हशा मिळवला होता.

निकिता पंधरवडाभर राहिली. फोनवर ऋषिकेश रडला, मग सावरून म्हणाला, "बाबा, मी घरात कॅमेरे लावून देतो. तुमाले कुठूनही आई दिसन."

"नको," रामकिसन म्हणाला. "मी घरीच हाये आता."

डीपी आली, यंत्रं पुन्हा सुरू झाली. एका रागाच्या भरात रामकिसन स्टूल घेऊन सगळं उपटायला निघाला होता, पण निकिताने अडवलं. आता तर ते लागणारच होतं. गॅसचा वॉल्व्ह काढून चालणार नव्हतं, फाटकालाही एक घंटी लावावी लागली. पूर्वी हौसेने लावलेलं सगळं आता गरजेचं होऊन बसलं. कोणी नवा शेतकरी स्टार्टरबद्दल विचारायला आला तर तो अजूनही सांगायचा, पण घर दाखवायला कोणाला आत नेत नसे.

संध्याकाळी कृषी केंद्रात जाणं त्याने सोडलं. दुपारी तुळसाबाईला घेऊन तो वर जायचा. तिला आता नवीन काही समजत नसे, माणसं कोण कोणाची ते लक्षात राहत नसे, म्हणून लग्नाचाच व्हिडिओ लागायचा. हिरव्या लुगड्यातली अंजना भिंतीवर आली की तुळसाबाई बोट दाखवायची आणि तो म्हणायचा, "हो, अंजना." कधी ती फोन करायला सांगायची. तो म्हणायचा, "करू."

अशाच एका दुपारी, भिंतीवर जेवणाच्या पंगती चालू असताना, त्याला राहवलं नाही. 

"तुळसा."

"हं?"

"तू मले सांगतलं होतं. मी जेवून राह्यलो होतो तवा. म्या आयकलं नाई. म्या उलट... माह्यं चुकलं तुळसा. लय चुकलं."

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याचे डोळे भरलेले पाहून तिने पदराने त्याचं तोंड पुसलं, जसं ती पोरांचं पुसायची.

"काय सांगतलं होतं म्या?" तिने विचारलं.

त्याला सांगता आलं नाही.

"जाऊ द्या, काही मोठं नसन," ती म्हणाली, आणि पुन्हा पंगतीकडे पाहू लागली. तिथे कोणीतरी कोणाला तरी आग्रहाने जिलबी वाढत होतं.